बोटीवरून पाण्यात उतरताना स्कूबाचं सामान जागेवर कसं ठेवायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लांबच. इथले बहुतेक डायव्हर तरणतलावात शिकतात आणि वर्षातून एक-दोनदा तारकर्ली, कर्नाटकातलं नेत्राणी किंवा अंदमान गाठतात. तलावाच्या काठावरून उतरायची सवय असते, हलत्या बोटीवरून उतरायची नसते. सामान निसटण्याचा सगळ्यात मोठा धोका असतो तो बोटीचा काठ सुटल्यापासून डोकं वर येईपर्यंतच्या दोन-तीन सेकंदांत. त्या दोन-तीन सेकंदांत काय होणार, हे आधीच्या दहा मिनिटांत ठरलेलं असतं. पुढचे प्रश्न त्या दहा मिनिटांबद्दल आहेत.

तलावात कधी काही निसटलं नाही. बोटीवरूनच का निसटतं?

उंचीमुळे. तलावाचा काठ पाण्यापासून वीत-दीड वीत वर असतो, बोटीचा काठ अर्धा ते एक मीटर. ३० सेंटिमीटरवरून पडताना पाण्याला टेकण्याचा वेग ताशी ९ किलोमीटरच्या आसपास असतो, एक मीटरवरून तोच १६ होतो. उंची तिपटीहून जास्त, म्हणून जिरवायचा धक्काही तिपटीहून जास्त. शिवाय धक्का एका दिशेने येतो. पाय आधी गेले तर पाणी खालून वर ढकलतं: बीसीडी (हवा भरून तरंगवणारं जाकीट) काखेपर्यंत चढतं, शिशाच्या वजनाची पाकिटं वर उचलली जातात, मास्क कपाळाकडे सरकतो. पाठ आधी गेली तर सिलिंडर पहिला आपटतो आणि मास्कचा पट्टा मागून ओरबाडला जातो. त्यामुळे उतरण्याची पद्धत बदलली की कुठला पट्टा जास्त पाहायचा तेही बदलतं.

सिलिंडरचा पट्टा घट्ट आवळला होता, तरी पाण्यात सिलिंडर खाली सरकला. असं का?

पट्टा कोरडा आवळला असेल. बाजेची सुतळी पाण्याने आवळते, म्हणून आपल्याकडे सैल पडलेल्या बाजेवर पाणी शिंपडतात. नायलॉनचं उलटं आहे. ते भिजलं की लांबतं, आणि कोरडा असताना दगडासारखा वाटणारा पट्टा पाण्यात पाच मिनिटांत ढिला होतो. म्हणून पट्टा आधी बादलीत बुडवा, दोन मिनिटं मुरू द्या आणि मगच सिलिंडरवर चढवा.

बीसीडीची वरची कड वॉल्व्हच्या तळाच्या आसपास यायला हवी. फार वर बांधलं तर सिलिंडर ढुंगणाखाली लोंबतो आणि बोटीच्या काठाला अडकतो. फार खाली बांधलं तर मान मागे केली की पहिला टप्पा, म्हणजे रेग्युलेटरचा (ज्यातून श्वास घ्यायचा त्या उपकरणाचा) वॉल्व्हवर बसणारा भाग, डोक्याला लागतो. बकल ओढून मिटल्यावर पट्ट्याचं टोक शेवटच्या फटीतून गेलंय ना, ते बोटाने चाचपून पाहा. घाईत ही फट सुटली तर बकल मिटल्यासारखं दिसतं, पण धरत नाही. मग बीसीडीची वरची मूठ धरून अख्खा संच जमिनीपासून चार बोटं उचला आणि दोनदा झटका द्या. सिलिंडर जरासा जरी सरकला तरी सगळं सोडून पुन्हा बांधा.

आपल्याकडे सर्रास मिळणारा ११.१ लिटरचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर रिकामा सुमारे १४ किलोचा असतो, भरल्यावर त्यात जवळपास पावणेतीन किलो हवा वाढते. एवढं वजन पाठीवरून सुटलं तर ते रेग्युलेटरच्या होजवर (नळीवर) लटकतं आणि तोंडातला रेग्युलेटर ओढला जातो.

वॉल्व्ह पूर्ण उघडायचा की पूर्ण उघडून अर्धा फेरा मागे घ्यायचा?

पूर्ण उघडा. अर्धा फेरा मागे घ्यायची जुनी सवय आहे, पण त्यात घोळ होतो: घाईत कोणी बंद वॉल्व्ह अर्धा फेरा उघडून ठेवतो आणि तो उघडा आहे असं समजतो. असा वॉल्व्ह बोटीवर श्वासापुरती हवा देतो, खोलीवर मात्र पुरत नाही. हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजकडे पाहत रेग्युलेटरमधून तीन-चार खोल श्वास घ्या. काटा स्थिर राहिला तर ठीक. श्वासागणिक खाली जाऊन वर येत असेल तर वॉल्व्ह नीट उघडलेला नाही.

बॅक रोल (काठावर बसून पाठीवर मागे पडणं) बरा की जायंट स्ट्राइड (उभं राहून लांब पाऊल टाकणं)?

बोट ठरवते. काठ कमी उंच, बोट लहान आणि हलकी असेल तर बसून बॅक रोल, कारण अशा बोटीत गिअर घालून उभं राहिलं की बोट कलंडते आणि माणूस पडतो. मालवणच्या फायबरच्या होड्यांवर आणि अंदमानच्या डोंग्यांवर हेच चालतं. मागे सपाट फळी असलेली मोठी बोट असेल तर जायंट स्ट्राइड. फळी पाण्याला लागूनच असेल तर बसा, हात टेकून वळा आणि हळूच पाण्यात सरका. त्यात काहीच निसटत नाही. बोटीचा काठ एक मीटरपेक्षा खूप उंच असेल तर बॅक रोलचा हट्ट धरू नका.

बॅक रोल क्रमाने कसा करायचा?

काठावर असं बसा की सिलिंडर पूर्णपणे बोटीबाहेर असेल. सिलिंडरचं बूड काठाच्या आत राहिलं तर रोल अर्ध्यावर अडतो आणि माणूस वाकडा पडतो. फिन्स (पायात घालायची वल्ही) बोटीच्या आत, टाचा जवळ. बीसीडीत निम्मी हवा. ती पूर्ण फुगवली तर छातीवर दाब येतो, आणि अजिबात नसली तर वर यायला वेळ लागतो.

एका हाताचा तळवा रेग्युलेटरवर, त्याच हाताची बोटं मास्कच्या काचेवर. दुसरा हात डोक्यामागे मास्कच्या पट्ट्यावर. कोपर अंगाशी. हनुवटी छातीला टेकवा. हे विसरू नका, कारण मान मागे गेली की पहिला टप्पा डोक्यात बसतो. मागे कोण आहे ते तुम्हाला दिसत नाही, ते खलाशाने पाहायचं आणि त्यानेच 'जा' म्हणायचं.

मग फक्त मागे झुका. पायाने ढकलू नका, ढकललं की फिन काठाला घासतो आणि पट्टा निसटतो. पाण्यात पडलात की फिरू द्या, हवा तुम्हाला वर आणते. वर आल्यावर मूठ डोक्यावर ठेवून ठीक असल्याची खूण करा आणि बाजूला व्हा.

सगळ्यांनी एकदम जायचं असेल तर मोजणीवरच जा. मोजणी चुकलेल्याने थांबायचं. बोट वाऱ्याने सरकत असते, आणि एका सेकंदापूर्वी रिकामं असलेलं पाणी आता दुसऱ्याच्या डोक्याचं असू शकतं.

आणि जायंट स्ट्राइड?

फळीच्या कडेवर फिनची पाती निम्मी बाहेर. उजवा तळवा रेग्युलेटरवर, बोटं मास्कवर. डावा हात वेट बेल्टच्या (शिशाच्या वजनांच्या कमरपट्ट्याच्या) बकलवर, आणि त्याच हाताखाली गेज व ऑक्टोपसचे (जादा रेग्युलेटरचे) होज दाबलेले. नजर समोर क्षितिजावर. खाली बघत पाऊल टाकलं तर पाणी काचेच्या वरच्या कडेत घुसतं आणि मास्क उपटलं जातं.

ही उडी नव्हे, लांब पाऊल आहे. पाय पसरलेले असताना पाण्याला टेका आणि टेकताक्षणी ते कात्रीसारखे मिटा, म्हणजे डोकं फार खाली जात नाही.

मास्क कसा राखायचा?

पट्टा डोक्यामागच्या सगळ्यात फुगीर भागावर बसवा. मानेवर उतरलेला पट्टा पहिल्या धक्क्यात वर सटकतो. डोक्याला तेल लावून बोटीवर जाऊ नका: खोबरेल तेलावर सिलिकॉनचा पट्टा मेणावर बसावा तसा घसरतो. लांब केस असतील तर वेणी पट्ट्याच्या खाली, मानेजवळ. अंबाडा बांधला तर पट्टा त्याच्यावर टेकतो आणि धक्क्याने निसटतो.

घट्ट आवळणं हा उपाय नाही. जास्त आवळलं की मास्कची कड दुमडते आणि पाणी आत येतं. मास्क बसतो की नाही ते पट्ट्याशिवाय तपासा: चेहऱ्याला लावा, नाकाने हलकी हवा ओढा, हात सोडा. तो चिकटून राहिला तर माप बरोबर. मिशी असेल तर नाकाखालून गळतं. ती कड बसेल इतकी मिशी बारीक करणं हाच खात्रीचा उपाय.

कपाळावर मास्क ठेवून बोटीवर फिरू नका. लाट आली, कोणी धक्का दिला, की गेला. काढायचाच असेल तर गळ्यात घ्या.

स्नॉर्केल मास्कला लावलेलं असेल तर बॅक रोलआधी काढा. पाण्याच्या धक्क्यात ते तरफेसारखं काम करतं आणि मास्क उचकटतं.

वेट बेल्ट उतरता उतरता सुटतो. काय चुकतंय?

बहुधा तो उभं राहून, पोट आत घेऊन बांधला जातो. कमरेतून पुढे वाका, बेल्ट पाठीवर ठेवा आणि त्याच अवस्थेत घट्ट करा. टोक १५ ते २० सेंटिमीटर उरलं पाहिजे. हाताला लगेच लागावं म्हणून ते कुठेही खोचू नका. बकल उजव्या हाताने उघडेल असं ठेवा, म्हणजे तुमचा जोडीदार डायव्हर, म्हणजे बडीही, डोळे मिटून उघडू शकेल. शिशाची वजनं सरकत असतील तर वजनाच्या दोन फटींमधून पट्टा नेताना त्याला एक पीळ द्या, वजन जागचं हलत नाही. मणक्यावर मधोमध वजन ठेवू नका, तिथे सिलिंडर टेकतो.

बीसीडीत बसणारी वजनाची पाकिटं असतील तर आणखी काळजी घ्या. खटका 'टक' वाजला पाहिजे, आणि वाजल्यावरही पाकीट खाली ओढून पाहा. वेल्क्रोवाली पाकिटं असतील तर वेल्क्रोतली वाळू आणि धागे जुन्या दात घासायच्या ब्रशने काढा. निम्म्या वेल्क्रोत कचरा असला तर पकड निम्मीच उरते. एका बाजूचं तीन-चार किलोचं पाकीट पडलं तर माणूस एका कुशीवर कलंडतो आणि वर ओढला जातो. उतरताना हे घडलं तर फजितीवर निभावतं. डाइव्हच्या शेवटी घडलं तर वर जाणं आवरत नाही.

ऑक्टोपस आणि गेज लोंबत राहतात. त्यांना कुठे अडकवायचं?

ऑक्टोपस हनुवटी आणि खालच्या बरगड्या यांच्यामधल्या त्रिकोणात, उजवीकडे, झटका दिला की सुटेल अशा धारकात. गाठीने बांधू नका, बडीला हवा लागेल तेव्हा तो गाठ सोडत बसणार नाही. गेज डावीकडे, बीसीडीच्या कडीला.

इथे एक बारीक गोष्ट. क्लिप थेट धातूच्या कडीला धातूने जोडू नका. क्लिप आणि सामान यांच्यामध्ये दोन मिलिमीटरच्या नायलॉनच्या दोरीचा फास ठेवा, गाठ मारून टोकं लायटरने वितळवा. कुठे अडकलंच तर ती दोरी चाकूने कापता येते, धातू कापता येत नाही. दोरी सीताबर्डीत किंवा इतवारीत सहज मिळेल, पण क्लिप हार्डवेअरच्या दुकानातली मुलामा दिलेली घेऊ नका. खाऱ्या पाण्याच्या एक-दोन सहलींत तिची स्प्रिंग गंजून बसते. ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील मागा.

उतरताक्षणी रेग्युलेटरमधून हवा भसाभस सुटते.

तोंडातल्या रेग्युलेटरची सुटत असेल तर तो तळव्याने धरलेला नव्हता. ऑक्टोपसची सुटत असेल तर त्याचं तोंड वर होतं: पाण्याचा दाब आतल्या पडद्यावर पडतो आणि हवा सुटते. तोंड खालच्या दिशेला वळवलं की थांबते. खटका असलेला ऑक्टोपस असेल तर उतरताना तो 'डाइव्हआधी'च्या खुणेवर ठेवा, आणि खाली जाण्याआधी परत फिरवा.

कॅमेरा हातात घेऊन उडी मारली तर?

मारू नका. हात दोनच आहेत आणि दोघांनाही काम आहे. मनगटात अडकवलेला कॅमेरा धक्क्याने तोंडावर येतो. आधी तुम्ही उतरा, स्थिर व्हा, मग खलाशाकडून घ्या. गर्दी असेल तर बोटीवरून दोन मीटरची दोरी सोडून तिच्या टोकाला कॅमेरा क्लिप करायला सांगा, म्हणजे कोणाला वाकून द्यावा लागत नाही. टॉर्चचंही तेच.

फिन्स केव्हा घालायच्या?

सगळ्यात शेवटी, काठाशी पोचल्यावर. परत चढताना शिडी हातात आल्याशिवाय काढू नका. शिडी सुटली आणि पायात फिन नाही, तर लाट कुठे नेईल सांगता येत नाही. आणि दुसरा शिडीवर असताना त्याच्या खाली थांबू नका.

पाठ दुखते. गिअर पाण्यात घालता येईल का?

हो, आणि संकोच करू नका. बीसीडी फुगवा, वॉल्व्ह उघडा असू द्या, बीसीडीच्या कडीला दोरी बांधून ते खलाशाकरवी पाण्यात सोडा. रेग्युलेटरचं तोंड खाली. तुम्ही मास्क, फिन्स घालून मागाहून उतरा. वजनं मात्र पाण्यात सोडलेल्या गिअरमध्ये ठेवू नका. बीसीडीची हवा गेली तर अख्खा संच तळाला जाईल. ती गिअर अंगावर चढल्यावर हातात घ्या.

एखादी वस्तू पडलीच, तर लगेच सूर मारायचा का?

नाही. शिसं तुमच्यापेक्षा वेगाने बुडतं. त्याच्यामागे धावताना कान सावरायला वेळ मिळत नाही. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, आणि कानाचा पडदा फाटतो तो याच पहिल्या मीटरांत. खलाशाला ओरडून सांगा, इंजिन सुरू करू नका म्हणा, आणि लगेच एका दोरीला वजन बांधून ती सोडा; वरच्या टोकाला रिकामी बाटली. बोट सरकते, खूण सरकत नाही. मग ठरल्याप्रमाणे डाइव्ह करताना त्या दोरीने खाली जा. खाली दुसरे डायव्हर असतील तर पडलेला वेट बेल्ट आधी त्यांच्यासाठी धोका आहे.

आम्ही फक्त एकदाच तारकर्लीला पाण्याखाली जाणार आहोत. हे सगळं आम्हाला लागतं का?

सगळं नाही. तुमचं गिअर प्रशिक्षक बांधतो आणि तोच तुम्हाला धरून नेतो. पण तीन गोष्टी पाहा: मास्क चेहऱ्याला हात न लावता चिकटतो का, कमरेवरचं वजन कुठे आहे आणि ते कसं सुटतं हे तुम्हाला दाखवलंय का, आणि बोटीवरच रेग्युलेटरमधून श्वास घेऊन पाहिलाय का. यातलं काही राहिलं असेल तर पाण्यात शिरण्याआधी विचारा. विचारल्याने कोणाचा खोळंबा होत नाही.

अंगठी, मंगळसूत्र?

खोलीवर ठेवा. पाण्यात बोटं आक्रसतात आणि अंगठी कळायच्या आत जाते.

नागपुरात सराव कुठे आणि कसा करायचा?

तरणतलावात, डायव्हिंगची परवानगी घेऊन, आणि खोल बाजूलाच. दीड मीटर पाण्यात बॅक रोल केला तर वॉल्व्ह फरशीवर आपटतो. अंबाझरी, फुटाळा, गोरेवाड्याच्या पाण्यात सराव करू नका: हातभर पुढचं दिसत नाही आणि बाहेर काढणारं कोणी नसतं.

तलावात हाताची जागा, हनुवटी आणि नजर इतकंच घोटा, वीस-पंचवीस वेळा, हात आपोआप मास्कवर जाईपर्यंत. उंचीचा धक्का तिथे मिळणार नाही. वजनही वेगळं लागेल. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं, म्हणजे गिअरसकट १०० किलो भरणाऱ्या माणसाला त्याच सूटमध्ये समुद्रात अडीच किलो शिसं जास्त लागतं. तलावात चारवर जमलं असेल तर बोटीवर साडेसहा मागा आणि तिथे पुन्हा तपासा.

विमानाने काय न्यायचं?

देशांतर्गत साध्या तिकिटावर चेक-इनला साधारण १५ किलो मिळतात. शिसं आणि सिलिंडर तिथेच घ्या. मास्क, रेग्युलेटर आणि डाइव्ह कॉम्प्युटर हातातल्या बॅगेत, चाकू चेक-इनमध्ये. टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्याही हातातल्या बॅगेतच.

घरी सामान कसं ठेवायचं?

नागपूरचा मे महिना हा समुद्राइतकाच सामानाचा शत्रू आहे. पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि टिनाखालचा माळा किंवा उन्हात उभ्या गाडीची डिकी त्याहून तापते. फिन्सचे रबरी पट्टे तिथेच कडक होतात आणि पुढच्या सहलीत बोटीच्या काठावर तुटतात. सगळं घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, भिंतीपासून जरा दूर ठेवा. बीसीडी आतून-बाहेरून गोड्या पाण्याने धुवा, तलावातून आल्यावरही, कारण क्लोरीन पट्ट्यांची शिवण कमकुवत करतं. पाणी काढून टाका आणि थोडी हवा भरून ठेवा, म्हणजे आतल्या बाजू चिकटत नाहीत. धुवायला कुलरच्या टाकीतलं पाणी वापरू नका, त्यातले क्षार सुकून खटक्यांत बसतात.

निघण्याच्या आठवडाभर आधी प्रत्येक रबरी पट्टा बकलजवळ दुमडून उजेडात धरा. पहिली चीर नेहमी छिद्राच्या कडेला दिसते. केसाएवढी दिसली तरी पट्टा बदला, आणि एक जोडी सुटी बॅगेत टाका.